जुन्या मारुतीची आगोट

माझी मारुती ८०० १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. चिपळूणला असते आणि अजून कुंभार्ली घाट चढून कराडला जाऊन येते. नोकरी एसटीच्या वर्कशॉपात झाली म्हणून आळीतले लोक जुन्या गाड्यांचं काहीही असलं की माझ्याकडे येतात. प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "काका, इंजिनचं काम काढावं लागेल का?"

इंजिनची मला फारशी काळजी वाटत नाही. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं ते इंजिन वेळेवर ऑइल मिळालं तर कुरकुर करत नाही. मारुतीने ८०० बनवणं २०१४ मध्ये थांबवलं, पण हेच इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी त्यानंतरही काही वर्षं निघत होती, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. आमच्याकडे जुन्या गाडीचा जीव घेतं ते पाणी. रेडिएटरमधलं, पत्र्यात साठलेलं, ब्रेक ऑइलने हवेतून ओढून घेतलेलं, आणि हल्ली पेट्रोलबरोबर येणारंही. म्हणून मी गाडीची मोठी कामं मे महिन्यात काढतो. कौलं परतून होतात, लाकडं आत येतात, त्याच आठवड्यांत गाडीचीही आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी. मृग लागला की रंग सुकत नाही आणि मिस्त्रीही हाताला लागत नाही.

आधी पत्रा

पत्र्याला सगळ्यात जास्त दिवस लागतात, म्हणून सुरुवात तिथून. गाडीतली रबरी मॅट, खालचं कार्पेट, मागची सीट, सगळं बाहेर काढून उन्हात टाका. ड्रायव्हरच्या पायाखालची जागा नीट बघा. पावसात ओल्या चपलांचं पाणी मॅटखाली उतरतं आणि वरून मॅट असल्यामुळे ते सुकत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत चला. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला की तिथे पत्रा खाल्लेला आहे, वरचा रंग कितीही चकचकीत असो. मग टोकाने जरा जोर देऊन बघा. टोक आत गेलं तर भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते आधीच होतं.

बाकीच्या जागा ठरलेल्या आहेत. दरवाज्यांच्या खालच्या कडा, जॅक लावायची जागा, डिकीत स्टेपनीच्या खालचा खड्डा, बॅटरीखालची ताटली, मागच्या दिव्यांच्या पाठीमागचा भाग आणि वायपरखालची जाळी. शेवटच्या ठिकाणी आंब्या-फणसाची पानं जाऊन कुजतात, पाणी जायची वाट बंद होते आणि ते डॅशबोर्डच्या खालून आत टिपकायला लागतं. लोक काचेचं रबर बदलतात, सिलिकॉन भरतात, आणि गळती तशीच राहते. आधी जाळीतला पाला काढा. तसंच प्रत्येक दरवाज्याच्या तळाला पाणी निघायची छोटी भोकं असतात. काच खाली गेली की तिच्याबरोबर पाणी दरवाज्याच्या आत जातंच, ते या भोकांतून बाहेर पडायला हवं. जुन्या गाडीत ती धुळीने किंवा कुणीतरी मारलेल्या रंगाने बुजलेली असतात. सायकलची तार घालून मोकळी करा. दरवाजा हलवल्यावर आत खळखळ आवाज येत असेल तर समजा तो दरवाजा दोन-तीन पावसाळ्यांत खालून सुटणार.

गंज वरवरचा असेल तर काम घरी होतं. वायर ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासा, थिनरने पुसा, रेड ऑक्साइडचे दोन हात मारा, पूर्ण वाळल्यावर वर रंग. मध्ये एक रात्र जाऊ द्या. भोक पडलं असेल तर सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणं हाच इलाज. डेंटर तुम्हाला भोकावर फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून देईल, काम स्वस्तात आणि संध्याकाळपर्यंत होईल, पण लांबीच्या मागे गंज चालूच राहतो आणि पुढच्या वर्षी भोक दुप्पट होऊन बाहेर येतं. फ्लोअर म्हणजे या गाडीचा सांगाडाच आहे, सीटचे बोल्ट त्यातच बसलेले असतात. तिथे लांबी चालवून घेऊ नका. वेल्डिंगला गाडी देताना बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढायला सांगा, आणि फ्लोअरचं काम असेल तर पेट्रोलची टाकी आणि पाईप कुठून जातात ते डेंटरबरोबर उभं राहून बघा.

खालून काळं अंडरकोटिंग मारायची जाहिरात जागोजागी असते. स्वच्छ पत्र्यावर ते चांगलं. गंजावर मारलं तर आतला ओलावा कोंडून राहतो आणि तुम्हाला दिसतही नाही. आमच्याकडे काहीजण जळकं ऑइल फवारतात. पत्र्याला त्याने फायदा होतो हे खरं, पण तेच ऑइल रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर चाक धरत नाही. मी फक्त दरवाज्यांच्या आतल्या तळाला आणि रनिंग बोर्डाच्या पोकळीत घट्ट वॅक्स मारतो, तेही भोकं मोकळी ठेवून.

आणि गुहागरला किंवा दापोलीकडे गेलात तर गाडी वाळूत घालू नका. खारं पाणी चाकाच्या कमानीत उडतं आणि आत बसतं. गेलीच असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, फक्त वरून पुसून उपयोग नाही. प्लास्टिकचं आच्छादनही मला आवडत नाही. पावसाळ्यात त्याच्या आत घाम धरतो. पत्र्याची शेड, चारी बाजूंनी मोकळी, त्याहून बरी.

खाली शिरायचं असेल तर एक ताकीद. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, आणि जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवूनही नाही. चिरा भिंतीत कितीही टिको, एका बिंदूवर वजन आलं की फुटतो. लोखंडी स्टँड नसतील तर सागाचे किंवा आइनाचे रुंद ओंडके लावा.

गाडी हीट होते

कुंभार्ली चढताना काटा वर जायला लागला की लोक रेडिएटरचं टोपण उघडतात. गरम असताना ते उघडायचं नाही, भाजतं एवढ्यासाठीच नाही. ते टोपण म्हणजे दाबाची झडप आहे. त्यावर बहुधा ०.९ असा आकडा असतो, तेवढ्या दाबाखाली पाणी ११५ अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. टोपण उघडलं की दाब संपतो आणि आतलं सगळं पाणी एका क्षणात उकळून बाहेर येतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि थांबा. रबरी होज हाताने दाबता यायला लागला की मगच टोपण, तेही फडक्याने, अर्धा आटा आधी. थंड पाणी एकदम ओतू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते वाकतं, आणि मग खरोखरच इंजिनचं काम निघतं.

गाडी हीट होण्याचं कारण शोधताना स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात करा. टोपणाचं रबर कडक झालं असेल तर टोपण बदला. होज दाबून बघा: खूप मऊ पडला असेल, कडेला चिरा असतील किंवा क्लिपजवळ पांढरा थर साचला असेल तर तो घाटातच फुटणार, घरी नाही. खालचा होज लोक विसरतात. मग फॅन. गाडी सावलीत चालू ठेवा आणि काट्यावर लक्ष ठेवा. काटा मध्याच्या वर सरकायला लागला तरी फॅन फिरला नाही, तर इंजिन बंद करून फॅनचा कनेक्टर काढा आणि मोटरला बॅटरीवरून थेट दोन वायरी द्या. फिरला तर मोटर ठीक आहे, दोष स्विच, रिले किंवा फ्यूजमध्ये. नाही फिरला तर मोटरच गेली. एवढी तपासणी घरी करून मिस्त्रीकडे गेलात तर तो रेडिएटरच बदलायला सांगणार नाही. बोटं मात्र फॅनपासून लांब ठेवा, चावी बंद असली तरी.

कूलंटऐवजी रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालायची आपल्याकडे पद्धत आहे. कोकणात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारतात. कूलंटचं आपल्याकडचं काम गंज थांबवणं आणि वॉटर पंपाचं सील टिकवणं. आतलं पाणी काढल्यावर ते लालसर, गढूळ असेल तर साधं पाणी दोन-तीनदा भरून, गाडी गरम करून, गार झाल्यावर काढून टाका. स्वच्छ यायला लागलं की डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट मिसळून भरा. डब्यावर दिलेलं प्रमाण पाळा. भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा, नाहीतर हीटरच्या नळ्यांत हवा अडकते आणि नवं कूलंट भरूनही गाडी हीट होते.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. "आपल्याकडे गरज नाही" म्हणून तो काढून फेकायची मिस्त्री लोकांची सवय मला कधीच पटली नाही. तो नसला की इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि बाजारात जाऊन परत एवढ्या छोट्या फेऱ्यांत इंजिनच्या आत वाफ धरते. ती ऑइलमध्ये उतरते. पावसाळ्यात ऑइलच्या टोपणाखाली पांढरट फेसाचा थर दिसला की लोक हेड गास्केट (हेडखालचं सील) उडालं म्हणून घाबरतात. आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघा. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल, तर ती फक्त वाफ आहे. एकदा जरा लांब, सावर्ड्यापर्यंत जाऊन या, ती जाईल. पण डिपस्टिकवरही तसाच फेस, कुठेही गळती नसताना कूलंट कमी होतंय, थंड गाडी चालू करताच होज दगडासारखा कडक होतोय, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरा गोडसर धूर येतोय, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर गाडी चालवू नका. टोइंग करून न्या.

ब्रेक ऑइल

याकडे कोणीच बघत नाही. शू बदलतात, पॅड बदलतात, आणि ऑइल मात्र गाडी घेतली तेव्हाचंच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आमच्या हवेत त्याला तोटा नाही. डॉट ३ चं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की प्रमाणानुसार तो आकडा १४० वर येतो. कुंभार्ली उतरताना पाय ब्रेकवर ठेवून आलात तर तेवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळतं, त्याची वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा हे ड्रायव्हिंग शिकवणारे सांगतात ते याच कारणाने.

दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. डबा नवा, सीलबंद हवा. गॅरेजमध्ये कधीपासून अर्धा उघडा पडलेला डबा असेल तर तो नको म्हणा. काम दोन माणसांचं: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल सैल करून पारदर्शक नळीतून जुनं ऑइल बाटलीत घ्यायचं, निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडायचं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. वरची डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा शिरते. निपल जाम असेल तर जोर लावून मोडू नका, आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. हे ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागचे शू ओल्या ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

पेट्रोल, रबर आणि ओलावा

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या गाड्यांच्या वेळी रबर असल्या पेट्रोलसाठी बनवलेलं नव्हतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या एकदा बदलून टाका आणि घेताना इथेनॉलला चालणारीच मागा. नळी वाकवल्यावर बाहेरून बारीक चिरा दिसल्या किंवा सकाळी शेडमध्ये पेट्रोलचा वास आला तर वाट बघू नका. कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो आणि त्याच्या आत रबराचा पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकची पातळी आपोआप वाढली आणि तिला पेट्रोलचा वास येत असेल तर पंप बदला आणि ऑइलही लगेच बदला.

इथेनॉल पाणीही ओढतं. टाकीत पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंप तळातूनच खेचतो. मग सेल्फ मारत बसा. म्हणून पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत अर्धी टाकी ठेवू नका, टाकीच्या टोपणाचं रबर बदला, आणि आठवड्यातून एकदा गाडी चालवा. जागच्या जागी पाच मिनिटं चालू ठेवणं म्हणजे चालवणं नव्हे.

सकाळी दमट हवेत गाडी घेत नसेल तर कार्ब्युरेटर उघडायच्या आधी डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना करंट वाटून देणाऱ्या भागाचं) टोपण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा. प्लगच्या वायरी जुन्या झाल्या असतील तर रात्री काळोखात बॉनेट उघडून गाडी चालू करा आणि लांबूनच बघा. निळ्या ठिणग्या उडताना दिसतील. तीनच प्लग आणि थोड्याच वायरी, सगळा संच एकदम बदला. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा, सुकवा, पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंगची वायर जिथे बॉडीला लागते ती जागाही घासून काढा. दिवे मंद असण्याचं कारण निम्म्या वेळा तिथे असतं. टायमिंग बेल्ट किती किलोमीटर झाला हे माहीत नसेल तर तो बदलायचाच आहे असं समजा.

पाने म्हणाल तर १०, १२, १४ आणि १७ चे, प्लग पाना आणि एक चांगला स्क्रू ड्रायव्हर. एवढ्यात वरची बहुतेक कामं होतात.

पुराचं पाणी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या पाण्याखाली होत्या ते चिपळूणकरांना सांगायला नको. त्यातल्या कितीतरी पुराने नाही, दुसऱ्या दिवशी सेल्फ मारल्याने गेल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन वर येतो, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी बुडाली असेल तर चावी लावायचीच नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, गाडी ढकलून कोरड्यात आणा. एअर फिल्टर उघडून आत पाणी गेलं का बघा. तिन्ही प्लग काढा आणि गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकला, सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर येईल. मग इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही काढा. दुधाळ रंगाचं निघालं तर नवं भरून, थोडं चालवून पुन्हा बदला. टाकीतलं पेट्रोल काढा. चाकांची बेअरिंग, ब्रेक ड्रम, सगळं उघडून साफ करायचं, कारण पुराच्या पाण्यात गाळ असतो आणि तो ग्रीसमध्ये बसतो. सीट आणि कार्पेट बाहेर, पत्र्याचं काम पुन्हा पहिल्यापासून. विमा असेल तर कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे उलट्या बाजूने वापरावं. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, तिथे आत कोणी साफ करत नाही. गाळाची रेघ असेल तर दिसेल. हेडलाइटच्या आत, स्टेपनीच्या खाली आणि सीटच्या रेल्सवर बघा. जुन्या गाडीत नवीकोरी कार्पेट आणि भरपूर अत्तराचा वास असेल तर मालकाला कार्पेट उचलायला सांगा.

कागद

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत अर्ज करा, उशिराचा दंड महिन्यागणिक वाढतो. महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी लागते. आमच्यासारख्या जुन्या गाडीच्या पीयूसीची मुदत सहा महिन्यांची. तपासणीला जाताना आरटीओत हॉर्न, वायपर, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, हँडब्रेक आणि टायर बघतात, ते आदल्या दिवशी घरीच बघून घ्या. आणि फ्लोअरचं वेल्डिंग त्याच्या आधी उरका, नंतर नाही.